खाली दुकान, वर घर : जयसिंगपूरपासून टाउनशिपपर्यंत

राहती घरे, दुकाने, कचेऱ्या आणि दवाखाने एकाच आखणीत बसवून शहराच्या कडेला उभारलेली वसाहत म्हणजे मिश्र वापराची वसाहत. बांधकाम व्यवसायात तिला ‘खाली गाळे, वर फ्लॅट’ असे सुटसुटीत म्हणतात. शेकडो एकरांवर केली की तिचीच ‘टाउनशिप’ होते. दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून तिचे उद्घाटन होते, मांडव पडतो, पहिल्या काही कुटुंबांच्या हाती किल्ल्या दिल्या जातात. पण वसाहत सुरू झाली की नाही, हे त्या दिवशी कळत नाही. गाळ्यांची शटर रोज उघडतात का, वरच्या खिडक्यांत रात्री दिवे दिसतात का, आणि खालच्या दुकानदाराला आजूबाजूच्या वस्तीच्या जोरावर पोट भरता येते का, यावर ते ठरते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा अनुभव बराच साठला आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, जयसिंगपुरात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला आणि तो अजून चालू आहे.

पेठ वसवण्याची रीत

मोकळ्या माळावर नवी वस्ती मुद्दाम वसवणे मराठी मुलखाला नवे नाही. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल दिला जाई. कौल म्हणजे येऊन वसणाऱ्यांना दिलेले अभय आणि सवलत : घरासाठी जागा, पहिली काही वर्षे करांत माफी, मग बेताबेताने वाढणारी आकारणी. पेठेचा कारभार पाहायला शेट्या आणि महाजन हे वतनदार नेमले जात. बाहेरचे व्यापारी आणि कारागीर आणून वसवणे हे शेट्याच्या कामातले मोठे काम. पुण्याच्या सदाशिव, नारायण, नाना, भवानी या पेठा अशाच एकामागून एक वाढल्या. सांगली या लहान गावाचे संस्थानाच्या राजधानीत रूपांतर झाले ते चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे होऊन तिथे आले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर. आणि तिची गणपती पेठ पुढे हळदीच्या व्यापाराने नावारूपाला आली.

या पेठांतले घर नीट पाहिले तर मिश्र वापर म्हणजे काय ते उलगडते. रस्त्याला लागून दोन-तीन पायऱ्यांचा ओटा. त्यामागे दुकान, त्याला सुट्या फळ्यांचे दार, सकाळी एकेक फळी काढून भिंतीशी लावायची आणि रात्री क्रमाने पुन्हा खाचेत बसवायची. आत गादी, तक्त्या, वहीची पेटी. दुकानाच्या मागच्या दारातून माजघर, पुढे स्वयंपाकघर, मग परसू आणि विहीर. माल ठेवायला बाजूची खोली किंवा माळा, राहायला माडी. गिऱ्हाईक नसले की दुकानदार आत जाऊन जेवून येई; तो बाहेरगावी गेला तर घरातले कोणीतरी गादीवर बसे. घर आणि दुकान यांत भाडे नव्हते, अंतर नव्हते, दोन वेगळे मालकही नव्हते. पेठ टिकण्याचे रहस्य पुष्कळसे यातच आहे : मंदीच्या वर्षी धंदा बसला तरी माणूस तिथेच राहत होता, त्यामुळे दुकान बंद पडले तरी रस्ता ओस पडत नव्हता.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. पेठ आधी आणि माणसे नंतर, असे क्वचितच घडले. माणसे येण्याला काही कारण असे. बाजाराचा दिवस, देवस्थान, लष्कराची छावणी, घाटाची वाट, नदीचा उतार यांपैकी काही ना काही आधीपासून असे. कौलाने त्या कारणाला जागा दिली.

जयसिंगपूरची चौकट

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेतला. त्याआधी तीन वर्षे, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला होता. राजधानीला रेल्वे आली, पण रेल्वे आल्याने व्यापार आपोआप संस्थानात राहील असे नव्हते. महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली. १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली. पुढे राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. पेठ, कारखाना आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात, ही त्यामागची समज होती. जयसिंगपूर हे त्याच मालिकेतले. १९१७ मध्ये वसवलेल्या या नगराला महाराजांचे जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचे नाव दिले गेले.

जागेची निवड समजून घेण्यासारखी आहे. शिरोळचा पट्टा कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यातला, काळ्याभोर जमिनीचा. माल पिकत होता. पण जवळच्या मोठ्या पेठा म्हणजे सांगली आणि मिरज, आणि दोन्ही पटवर्धनांच्या संस्थानांत. कोल्हापूर संस्थानातला शेतमाल विकायला नेला की त्याची उलाढाल परक्या हद्दीत होणार, हा भूगोलच होता. सांगली इथून दहा-बारा किलोमीटर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास. संस्थानाच्या हद्दीच्या आत, लोहमार्गाच्या कडेला आणि कोल्हापूर-सांगली रस्त्यावर पेठ बसवली तर माल तिथेच थांबेल, ही यामागची व्यापारी दृष्टी. जयसिंगपूर पुढे तंबाखूच्या आणि शेतमालाच्या व्यापाराचे केंद्र झाले, आज तिथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, आणि दर वर्षी ऊस परिषदेसाठी शेतकरी जमतात तेही याच गावच्या विक्रमसिंह मैदानावर. माणसे येण्याचे कारण शंभर वर्षांत बदलत गेले, संपले मात्र कधी नाही.

नगराची आखणी चौकटीची आहे. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, आणि गल्ल्यांना अनुक्रमांक. पत्ता सांगताना आजही ‘सातवी गल्ली’, ‘दहावी गल्ली’ असेच सांगतात. जयपूरशी या आखणीची तुलना नेहमी केली जाते. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या त्या नगरातही सरळ बाजाररस्ते, रस्त्यालगत दुकानांच्या ओळी आणि मागे-वर राहती घरे अशी व्यवस्था होती. कोल्हापूर शहरात नंतर वसलेल्या राजारामपुरीतही हीच पद्धत दिसते : एक मुख्य रस्ता दुकानांनी भरलेला, आणि त्याला मिळणाऱ्या क्रमांकाच्या गल्ल्या घरांनी.

चौकटीच्या आखणीला कंटाळवाणी म्हणणारे आहेत. राहण्या-विकण्याच्या दृष्टीने मात्र तिचे गुण मोठे आहेत. पहिला गुण कोपऱ्यांचा. रस्ते जितके जास्त छेदतात तितके कोपऱ्याचे भूखंड जास्त, आणि किराणा, औषधे, चहा, पिठाची गिरणी हे कोपऱ्यावरचे धंदे. दुसरा गुण असा की प्रत्येक गल्ली कुठल्या ना कुठल्या मुख्य रस्त्याला मिळते, म्हणून गल्लीच्या आत राहणाऱ्यालाही बाजार पायी अंतरावर राहतो. तिसरा गुण बदल सोसण्याचा. भूखंड लहान आणि मालक अनेक असल्यामुळे एका घराचे दुकान झाले, दुकानाचा दवाखाना झाला, दवाखान्यावर दोन मजले चढले, तरी गल्लीची रचना मोडत नाही. बैलगाडीच्या काळात आखलेली गल्ली ट्रकच्या काळात अपुरी वाटू लागली हे खरे, पण तिचा वापर कधी थांबला नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे अर्ध्या लाखापर्यंत गेलेले हे गाव आजही मुख्यतः त्याच आराखड्यावर उभे आहे, आणि त्याचे श्रेय आखणाऱ्यांना द्यायलाच हवे.

वेगळेपणाचा नियम

जयसिंगपूर वसले त्याच सुमारास जगात उलट दिशेचा विचार जोर धरत होता. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने शहराचे विभाग पाडून कुठे घरे, कुठे व्यापार हे ठरवणारा नियम केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात अशा विभागणीला मान्यता दिली, आणि घरांचा भाग वेगळा, दुकानांचा वेगळा, कारखान्यांचा वेगळा ही रीत तिथे रूढ झाली. गिरण्यांचा धूर आणि गोंगाट घरांपासून दूर ठेवण्याचा मूळ हेतू रास्त होता. पण त्या नियमाने किराणा दुकानही घरापासून मैलभर दूर गेले आणि पाव आणायलाही मोटार लागू लागली. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात या विभागणीवर कडाडून टीका केली : रस्ता सुरक्षित ठेवतात ती दिवसभर त्यावर वावरणारी वेगवेगळ्या कामांची माणसे, असे त्यांचे म्हणणे.

आपल्याकडे १९१५चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला पहिला. स्वातंत्र्यानंतर १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि शहरांच्या विकास आराखड्यांत निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, शेतीचा हिरवा असे रंग भरले गेले. सुदैवाने इथल्या नियमांनी अमेरिकेइतका कडकपणा कधी धरला नाही. निवासी पट्ट्यात तळमजल्यावर रोजच्या गरजेची दुकाने चालत राहिली. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निवासी भागात कोणते वापर चालतील हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते : रस्ता जितका रुंद, तितके जास्त व्यापारी वापर. दुकानाला गर्दी लागते, गर्दीला रस्ता लागतो. हे तत्त्व पेठेच्या जुन्या व्यवहाराशी जुळणारे आहे.

मिश्र वापराची टोकाची उदाहरणेही आहेत. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढच्या काही दशकांत घराघरांत, घराच्या पुढच्या खोलीत, अंगणात शेड टाकून माग बसले. त्यातून गाव श्रीमंत झाले. पण मागांच्या खडखडाटात झोपणाऱ्या मुलांचा आणि तंतूंनी भरलेल्या हवेचा हिशेब कुणी मांडला नाही. घर आणि कामाची जागा जवळ असावी हे खरे असले तरी कोणते काम, हा प्रश्न त्याच्याबरोबर विचारायलाच हवा.

सिडको, मगरपट्टा, लवासा

नव्या वसाहतींचा मोठा सरकारी प्रयोग नवी मुंबईचा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि मार्च १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. सेक्टर, प्रत्येक सेक्टरला दुकाने, शाळा, मैदान अशी आखणी होती. वाशीच्या खाडीवरचा पूल १९७३चा. तरीही बरीच वर्षे शहर रेंगाळत वाढले. त्याला वेग दिला तो मुंबईतले घाऊक बाजार वाशी-तुर्भे परिसरात आणण्याने आणि १९९२ मध्ये वाशीपर्यंत आलेल्या लोकलने. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट : बाजार आणि रेल्वे. जयसिंगपुरात लोहमार्ग आधी होता आणि पेठ त्याच्या कडेला नेली गेली. वाशीत घरे आधी झाली आणि गाडीची वाट पाहत दोन दशके गेली.

खासगी प्रयोगांत पुण्याजवळच्या हडपसरची मगरपट्टा सिटी अभ्यासण्याजोगी आहे. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा असे ठरवले. २०००च्या सुमारास बांधकामे सुरू झाली. घरांबरोबर माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची कार्यालये, शाळा, रुग्णालय आले. मॉल आला तो वस्ती भरल्यावर. शेतकरी कुटुंबांतल्या अनेक तरुणांनी वाळू-विटा पुरवण्यापासून बांधकामाच्या ठेक्यांपर्यंतची कामे घेतली. हा क्रम आणि ही मालकी, दोन्ही गोष्टी त्या वसाहतीच्या यशाच्या मुळाशी आहेत. आधी नोकऱ्या आणि राहणारी माणसे, मग मोठा बाजार. सिंहगड रस्त्यावरची नांदेड सिटी याच धर्तीवर, याच गटाने पुढे उभी केली.

लवासा या खासगी वसाहतीचे उदाहरण उलटे आहे. मुळशी तालुक्यातल्या डोंगरात दासवे इथे इटलीतल्या बंदरगावाच्या धर्तीवर तळ्याकाठचा रंगीत रस्ता, उपाहारगृहे आणि दुकाने आधी सजली. शनिवार-रविवारी पर्यटक आले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले आणि २०१८ मध्ये ती उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परवानग्यांचा वाद हे त्याचे मोठे कारण होतेच. पण वाद नसता तरी आठवड्यात पाच दिवस राहणारी माणसे आणि त्यांना बांधून ठेवणारी कामे कुठून येणार, हा प्रश्न उरलाच असता.

टाउनशिपसाठी राज्याच्या धोरणात किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर, सलग जागा लागते. शिरोळसारख्या बागायती तालुक्यात, जिथे वाटण्या होत होत शेत काही गुंठ्यांवर आले आहे, तिथे एवढा सलग तुकडा मिळणे अवघड. इथे वसाहत होते ती दोन-चार एकरांच्या लेआउटची किंवा एखाद्या भूखंडावरच्या चार-सहा मजल्यांच्या इमारतीची. म्हणून मोठ्या टाउनशिपच्या यशापयशापेक्षा लहान संकुलाचे गणित इथल्या वाचकाला जास्त उपयोगी.

गाळ्याचे गणित

रस्त्याला लागलेल्या तळमजल्याचा दर वरच्या मजल्यांच्या फ्लॅटपेक्षा बराच जास्त असतो. गाळे आधी विकले की बांधकामाला पैसा मोकळा होतो, म्हणून विकसकाचा कल जास्तीत जास्त गाळे काढण्याकडे असतो. इमारतीच्या पुढच्या बाजूला जागा संपली की बाजूला, मग आतल्या चौकात, मग पहिल्या मजल्यावरही. त्यातले रस्त्यावरचे गाळे चालतात. आतल्या चौकातले गाळे मात्र बहुधा बंद राहतात, कारण चालत्या माणसाला ते दिसतच नाहीत.

घेणारे कोण, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. गाळा स्वतः धंदा करणाऱ्याने घेतला तर तो महिन्याभरात उघडतो. गुंतवणूक म्हणून घेतला तर मालक अपेक्षेइतके भाडे मिळेपर्यंत कुलूप लावून ठेवतो. त्याला घाई नसते. चार शटर बंद असलेल्या ओळीत पाचवा दुकानदार यायला बिचकतो, आणि रात्री तो भाग अंधारा पडतो, त्यामुळे वरच्या फ्लॅटलाही गिऱ्हाईक मिळत नाही. पेठेतला ओट्यामागचा दुकानदार आणि शटरला कुलूप घालून पुण्यात किंवा परदेशात राहणारा गाळामालक, यांच्यातला हा फरक नव्या वसाहतींच्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण आहे. जयसिंगपूरच्या गल्ल्यांत मालक आणि दुकानदार पुष्कळदा एकच, किंवा निदान एकाच गावात राहणारे. नव्या संकुलांत ही साखळी तुटली आहे आणि ती जोडण्याचा विचार विकसकाने पहिल्या दिवसापासून केला पाहिजे. काही गाळे न विकता स्वतःकडे ठेवून पहिली दोन-तीन वर्षे कमी भाड्याने किराणा, औषधे, दूध, पिठाची गिरणी अशा रोजच्या धंद्यांना देणे हा जुन्या कौलाचाच आजचा अवतार ठरेल. त्याने विकसकाचे काही अडेल असे नाही. वरची घरे लवकर विकली जातील.

फेरीवाल्यांची गोष्ट बहुतेक आराखड्यांत सुटून जाते. भाजीची टोपली, फुलवाली, इस्त्रीवाला यांच्यावाचून वस्ती चालत नाही, पण संकुलाच्या कमानीवर त्यांना आत येऊ न देण्याची पाटी असते. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगरपरिषदांवरही पथविक्रेता समिती नेमण्याचे आणि पथविक्रेत्यांच्या नियमित पाहण्या करण्याचे बंधन घातले आहे. नव्या लेआउटमध्येच भाजी-फळांच्या ओट्यांसाठी कोपरा सोडला तर मुख्य रस्त्यावरची कोंडी पुष्कळ कमी होईल. आठवडी बाजाराची सवय असलेल्या तालुक्यात हे सांगावे लागू नये.

एका छताखालची भांडणे

गाळे आणि फ्लॅट एकाच गृहनिर्माण संस्थेत आले की मेंटेनन्सचा वाद ठरलेला. आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांवर सारखा, वापर असो वा नसो. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. तळमजल्याचा दुकानदार लिफ्टचे पैसे का द्यायचे म्हणून भांडतो, आणि हॉटेलला दोन नळांवर दहा नळांइतके पाणी लागते म्हणून वरचे भांडतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्याच सर्वसाधारण सभेत दुकानांसाठी वेगळे मीटर, वेगळी पाण्याची टाकी आणि वेगळे जिने यांची नोंद झाली तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत. गाळ्यांना वीज व्यापारी दराने, मालमत्ताकर बिगरनिवासी दराने लागतो, हेही गाळा घेणाऱ्याला आधी कळलेले बरे.

पार्किंगचे भांडण त्याहून मोठे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केले की इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग किंवा मोकळी जागा विकसकाला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक. तरीही गाळेवाल्याच्या गिऱ्हाइकाने आपल्या जागी गाडी लावली म्हणून रोज संध्याकाळी वाद होतात. दुकानांचे पार्किंग रस्त्याकडून, घरांचे मागून, आणि मध्ये भिंत किंवा फाटक, एवढी साधी सोय आराखड्यावर असली पाहिजे. ती नंतर करता येत नाही.

खालच्या धंद्याचा प्रकारही ठरवून घ्यावा लागतो. तळणीचा धूर, बेकरीची भट्टी, रात्री उशिरापर्यंत चालणारा बार यांनी वरच्या घरांचे जगणे अवघड होते. दारूच्या नव्या दुकानासाठी संबंधित सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक करण्याचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केला. बाकीच्या धंद्यांबाबत संस्थेने गाळा विकला त्या दिवशीच्या करारावर लक्ष ठेवणे हाच मार्ग.

शिरोळ तालुक्याची जमीन

जयसिंगपूर-उदगाव परिसरात नवे लेआउट बहुतेक उसाच्या फडांवर पडतात. ही जमीन काळी, पाण्याने फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिल्याने तालुक्याचा मोठा भाग क्षारपड झालेला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीखालचे पाणी फार वर आहे. अशा जागी पार्किंगसाठी तळघर काढायचे म्हणजे पाझर, उपसा पंप आणि भिंतींवर मीठ फुटणे हे कायमचे दुखणे. पायाचा खर्च इथे मुरमाच्या जमिनीपेक्षा जास्त येणारच; तो वाचवलेला दिसला तर घेणाऱ्याने शंका घ्यावी.

पुराचा प्रश्न वेगळा. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे वेढली. ऑगस्ट २०१९ मध्ये नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ परिसरातल्या हजारो लोकांना बाहेर काढावे लागले आणि त्यांतल्या अनेकांची सोय जयसिंगपुरात झाली. मूळ नगर त्यामानाने उंचावर, हे त्याच्या जागेच्या निवडीचे आणखी एक शहाणपण. पण नगराच्या बाहेर नदीच्या दिशेने पसरणाऱ्या प्रत्येक नव्या लेआउटला ते शहाणपण लाभेलच असे नाही. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ नंतर या रेषांकडे दुर्लक्ष करणे कुणालाही परवडणारे नाही.

तिसरी गोष्ट रस्त्याची. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा चोकाक ते अंकली हा टप्पा भूसंपादनाच्या मोबदल्यावरून दीर्घकाळ गाजला. महामार्ग कुठून जातो, त्यावर कुठल्या जमिनीला ‘रोड टच’ म्हणून भाव येतो आणि कुठली मागे पडते, हे ठरते. महामार्गालगतच्या गाळ्यांचे एक मोठे दुर्दैव असे की पुढे उड्डाणपूल किंवा वळणरस्ता झाला की समोरून जाणारा ग्राहक कायमचा निघून जातो. महामार्गावर उभ्या राहिलेल्या दुकानाला गाव नसते. गावाच्या रस्त्यावरच्या दुकानाला असते. मिश्र वापराची वसाहत दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर उभी राहावी हे बरे.

गुंठेवारीचा उल्लेख टाळता येत नाही. नकाशा मंजूर न करता, बिनशेती न करता, एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर जिल्ह्याजिल्ह्यांत वस्त्या उभ्या आहेत. २००१च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्या नियमित करण्याची वाट काढली आणि २०२१च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना लागू केली. या वस्त्यांत मिश्र वापर भरपूर आहे : घराच्या पुढच्या खोलीत किराणा, शिलाई, झेरॉक्स. त्यांच्यात कमी आहे ती रस्त्याची रुंदी, गटार आणि मैदान. माणसांना घराशेजारी दुकान हवेच असते, हे गुंठेवारीने कुठल्याही नियमावलीपेक्षा ठामपणे दाखवून दिले आहे. नियमावलीने त्यासाठी वेळेत जागा दिली असती तर लोकांना बेकायदा व्हावे लागले नसते.

उद्घाटन आणि ताबा

फीत कापण्याचा कार्यक्रम आणि कायदेशीर ताबा यांत मोठे अंतर असू शकते. इमारत राहण्यायोग्य झाल्याचा नगरपरिषदेचा दाखला म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ते नसताना दिलेली किल्ली म्हणजे नुसता शब्द. २०१६चा स्थावर संपदा नियमनाचा म्हणजेच रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची, ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्याच वेगळ्या खात्यात ठेवायची, विक्री चटईक्षेत्रावर, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर विकसकाने तो दुरुस्त करून द्यायचा. राज्याच्या नियमानुसार ५१ टक्के ग्राहकांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत त्यांची संस्था स्थापन व्हायला हवी. गाळे घेणाऱ्यांनाही हे सर्व संरक्षण सारखेच आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते.

संस्था स्थापन झाली तरी जमीन संस्थेच्या नावावर होईपर्यंत काम पुरे होत नाही. विकसकाने अभिहस्तांतरण करून दिले नाही तर १९६३च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यात २००८च्या दुरुस्तीने घातलेल्या तरतुदीनुसार मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. मिश्र वापराच्या इमारतीत हे अधिक गरजेचे, कारण पुढे रस्त्यालगत आणखी गाळे काढण्याचा मोह जमीन ज्याच्या नावावर असेल त्यालाच होतो.

शिरोळ-जयसिंगपूर भागात फ्लॅट किंवा गाळा घेऊ पाहणाऱ्यांनी बुकिंगची रक्कम देण्याआधी पाच कागद मागावेत : सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश, नगरपरिषदेने किंवा नगररचना खात्याने मंजूर केलेला नकाशा, रेरा नोंदणी क्रमांक आणि पूररेषेचा नकाशा. मंजूर नकाशावर दुकानांचे पार्किंग कुठे दाखवले आहे तेही पाहावे. प्रकल्प आधीच ‘सुरू’ झालेला असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे, आणि सोमवार ते शुक्रवारच्या एखाद्या साध्या संध्याकाळी तिथे जाऊन किती शटर उघडी आहेत ते मोजून यावे. नोंदणी झालेल्या प्रकल्पाची माहिती महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येते.